भोके सहा, वीज मात्र एकाच भोकाची

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी भाचीचे लग्न होते आणि आमच्या दोन खोल्यांत चौदा माणसे उतरलेली. बैठकीच्या खोलीत भिंतीवर एकच पॉइंट. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड खोचलेला आणि त्या बोर्डावर कूलर, फ्रीज, टीव्ही आणि मोबाईलचे दोन चार्जर. रात्री नऊला त्याच बोर्डावर इस्त्री लागली. साड्या, सदरे, पोरांचे कपडे, एकाचे झाले की दुसऱ्याचे. साडेअकरापर्यंत इस्त्री थंड म्हणून झाली नाही. मग जो तो मिळेल त्या जागी आडवा झाला.

दोनच्या सुमारास आईने मला हलवले.

"अरे ऊठ. कोणी मासोळी भाजून राहिलं का घरात?"

"माय, एवढ्या रात्री मासोळी कोण भाजंल? झोप."

"मले वास येऊन राहिला म्हणतो ना. ऊठ पहिले."

उठलो. वास खरेच होता, उग्र, सुक्या मासळीसारखा. दिवाण पुढे ओढला तर भिंतीतल्या पॉइंटमधला बोर्डाचा पिनटॉप तपकिरी होऊन फुगला होता, सॉकेटचे तोंड वितळले होते आणि गादीच्या अभ्र्याची कड करपून काळी पडली होती. गादीवर भावाची दोन मुले झोपली होती. मेन स्विच पाडला, मुलांना उचलले. टॉप सॉकेटात असा चिकटला होता की सकाळी वायरमनला तो पकडीने तोडूनच काढावा लागला.

ही गोष्ट मी लपवून ठेवू शकलो असतो. मी कार्यालयात कारकून आहे आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देतो. त्यात वीजमीटरचेही अर्ज असतात. 'मंजूर भार' हा रकाना मी आजवर कितीतरी जणांना समजावून सांगितला आहे. आणि माझ्याच घरात, माझ्याच हाताने लावलेल्या बोर्डापायी दोन लेकरे जळता जळता वाचली. आईच्या नाकामुळे वाचली. नातेवाईक म्हणाले, नशीब चांगले. नशिबाचा यात काही संबंध नाही. जे घडले त्याला कारण होते आणि ते कारण सापडले, तेच इथे सांगतो.

जमाखर्च मांडून पाहू

मी बी.कॉम. झालेला माणूस. वीज मला शाळेत शिकलो तेवढीच कळते, पण जमाखर्च कळतो, आणि बोर्डाचा हिशेबही जमाखर्चासारखाच मांडता येतो. आपल्या घरी वीज येते २३० व्होल्टची. भिंतीवरचा लहान पॉइंट असतो ६ अँपिअरचा (जुने लोक त्याला ५ चा म्हणतात) आणि मोठ्या पिनेचा असतो १६ अँपिअरचा (जुना १५ चा). दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की किती वॉट चालतील ते निघते. लहान पॉइंटला २३० गुणिले ६, म्हणजे १,३८० वॉट. मोठ्या पॉइंटला २३० गुणिले १६, म्हणजे ३,६८० वॉट. ही झाली जमेची बाजू.

आता त्या रात्रीचा खर्च. कूलर २००, फ्रीज चालू असताना १५०, टीव्ही ६०, दोन चार्जर मिळून ४०. बेरीज ४५० वॉट. इथवर सगळे ठीक होते. त्यावर इस्त्री १,००० वॉटची. एकूण १,४५० वॉट. जमेपेक्षा खर्च जास्त, आणि तोही अडीच तास सलग.

आपली खरी चूक इथे होते. बोर्डाला चार भोके असोत की सहा, आपल्याला वाटते की सहा पॉइंट मिळाले. पॉइंट मिळतच नाहीत. भिंतीवर एकच पॉइंट होता आणि एकच राहिला. सहाही भोकांतली वीज शेवटी त्या एका वायरीतून आणि त्या एका पिनटॉपमधून येते. एकाच्या पगारावर सहा जण जेवायला बसले तर पगार सहापट होत नाही, तसेच हे. म्हणून बोर्ड जळताना बहुतेक वेळा बोर्डाकडे जळत नाही, भिंतीकडे जळतो. आणि तो टॉप नेमका दिवाणामागे, कपाटामागे असतो, कोणाला दिसत नाही अशा ठिकाणी.

बरे, खर्च जमेपेक्षा जास्त झाला तो सत्तर वॉटने. तेवढ्याने पेट घ्यावा? हाच प्रश्न मी आमच्या गल्लीतल्या वायरमन काकांना विचारला. शिवाय मीटरपेटीत एमसीबी होता, तो काहून पडला नाही, हेही विचारले.

काका हसले. "भाऊ, तुमचा एमसीबी सोळाचा. तुमचा भार सव्वासहा अँपिअर. त्याच्या हिशेबी तुम्ही काहीच जाळून नाही राहिले. आन् टॉप ढिला होता, ते त्याले दिसतच नाही."

ढिला टॉप. मूळ कारण हे होते. चार वर्षे वापरलेला तो पॉइंट. टॉप घातला की थोडा डुगडुगायचा. कधी टीव्ही बंद पडायचा, मग कोणीतरी टॉप दाबून बसवायचे. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल झाली की पिनेला पूर्ण टेकत नाही, एखाद्या टोकाला टेकते. नळाची तोटी अर्धवट बंद केली की पाणी जसे अडते तसा तिथे विजेला अडथळा होतो आणि अडथळ्याच्या जागी उष्णता तयार होते. ही उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाने वाढते. सोप्या भाषेत, प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट.

समजा त्या ढिल्या जागी अडथळा एक ओहमचा आहे. इस्त्री नसताना आमच्या बोर्डावर साधारण दोन अँपिअर होते. दोनाचा वर्ग चार, म्हणजे तिथे ४ वॉट उष्णता. टॉप कोमट होईल, इतकेच. इस्त्री लागली आणि प्रवाह सहाच्या वर गेला. सहाचा वर्ग ३६. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे कथील वितळवायची जी सोल्डरिंगची दांडी असते, ती २५ वॉटचीही असते. त्याहून जास्त उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत अडीच तास. पट्टी आणखी सैल झाली, भोवतीचे प्लॅस्टिक करपून कोळसा झाले, अडथळा वाढला. मग इस्त्री बंद झाल्यावरही नुसत्या कूलर-फ्रीजच्या प्रवाहावर तो धुमसत राहिला. या सगळ्यात ना शॉर्ट सर्किट होते, ना एमसीबी पडण्याइतका जादा भार. त्याला पडायचे कारणच मिळाले नाही.

म्हणून एमसीबी आहे, आता काळजी नाही, असे कोणी म्हणू नये. आणि ज्यांच्याकडे अजून जुना चिनी मातीचा फ्यूज आहे आणि त्यात जाड तांब्याची तार घातली आहे, 'सारखा उडतो' म्हणून, त्यांच्याकडे तर राखणदारच नाही.

काय लावावे, काय लावू नये

ज्या वस्तू उष्णता तयार करतात त्या वीज खातात, बाकीच्या चाखतात. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते. पाणी तापवायचा रॉड १,००० ते १,५०० वॉट, गिझर २,००० आणि त्याच्या वर, इंडक्शन शेगडी १,२०० ते २,०००, विजेची किटली १,५००, हीटर १,००० ते २,०००. दीड टनाचा एसी १,५०० च्या आसपास. यातली एकही वस्तू साध्या सहा अँपिअरच्या बोर्डावर नको, एकटीही नको. त्यांना भिंतीतला मोठ्या पिनेचा पॉइंट लागतो आणि त्या पॉइंटपर्यंत जाड वायर लागते. इस्त्री एकटी असेल तर चालेल, पण तिच्या जोडीला दुसरे काही नको. फ्रीज शक्यतो भिंतीवर थेट लावावा, कारण त्याची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढते आणि हे दिवसरात्र, वर्षभर चालू असते. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, चार्जर, टेबल फॅन, मुलांच्या अभ्यासाचा दिवा, ही बोर्डाची खरी मंडळी.

बाजारात एक छोटा ठोकळा मिळतो, मोठ्या पिनेचा टॉप लहान पॉइंटात बसवून देणारा. घरात असेल तर काढून टाका. पिना मोठ्या केल्या त्या लहान भोकात जाऊ नयेत म्हणूनच, आणि आपण पैसे देऊन तो अडसर काढतो.

बोर्डात बोर्ड लावू नये, हे सगळ्यांना माहीत असते आणि सगळे लावतात. वायर लांब असेल तर गुंडाळी करून ठेवू नये. गुंडाळीत उष्णता अडकते. गादीखाली, सतरंजीखाली, दाराच्या फटीतून वायर नेऊ नये. आपल्याकडे साध्या वायरीचे जे पीव्हीसी आवरण असते ते ७० अंश तापमानाच्या हिशेबाने बनवलेले असते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हवाच ४२-४३ अंश असते. म्हणजे वायर कामाला लागण्याआधीच निम्म्याहून जास्त वाट चालून आलेली असते. हिवाळ्यात निभावलेला बोर्ड उन्हाळ्यात दगा देतो तो असा. उंदरांचेही विसरू नका. आमच्या शेजारच्या वहिनींच्या घरी फ्रीजमागची वायर उंदराने अशी सोलली होती की आतली तांबडी तार उघडी.

कूलर

आग एका बाजूला, पण आपल्या भागात उन्हाळ्यात माणूस जातो तो बहुधा कूलरपायी. म्हणून यावर जरा थांबतो.

पत्र्याचा कूलर, लोखंडी स्टँड, खाली पाण्याची टाकी आणि त्या पाण्यात बुडालेला विजेचा पंप. पंपाचे आवरण कुठे तडकले, वायरीचा जोड पाण्यात भिजला की टाकीतल्या पाण्यात आणि सगळ्या पत्र्यात वीज उतरते. कूलर मात्र चालू राहतो, गार हवा देत राहतो. मग कोणीतरी अनवाणी, ओल्या फरशीवर उभे राहून पाणी भरायला जाते. बहुतेक वेळा घरातली बाई, नाहीतर चेंडू आणायला गेलेले पोर. कूलरचे अंग फायबरचे असले तरी पाण्यात उतरलेली वीज पाण्यात असतेच.

यावर उपाय म्हणून तिसरी पिन आहे. ती वरची जाड पिन अर्थिंगची. पत्र्यात उतरलेल्या विजेला ती जमिनीकडे वाट करून देते, प्रवाह एकदम वाढतो आणि एमसीबी पडतो. पण आपल्याकडे होते काय? कूलरला दोन तारांची वायर आणि दोन पिनांचा टॉप. किंवा कूलरला तीन पिना आहेत, पण बोर्ड स्वस्तातला. त्या बोर्डाला भोके तीन-तीन असतात आणि मागून येणारी वायर मात्र दोनच तारांची. अर्थिंगचे भोक नुसते दाखवायला, आत काही जोडलेलेच नसते. आपला बोर्ड आजच तपासून पाहा. टॉप भिंतीतून काढा, वायरीचे टोक बघा. आत तीन तारा हव्यात, त्यातली एक हिरवी किंवा हिरवी-पिवळी. दोनच असतील तर तो बोर्ड टीव्हीच्या चार्जरपुरता ठेवा, कूलरजवळ नेऊ नका.

आणि बोर्डात तीन तारा असून भिंतीच्या पॉइंटलाच अर्थिंग नसेल तर? भाड्याच्या कितीतरी खोल्यांत नसते. काही वायरमन पॉइंटातच न्यूट्रल आणि अर्थिंग एका तुकड्याने जोडून देतात आणि 'झाले अर्थिंग' म्हणतात. हे अर्थिंग नव्हे. मागे कुठे न्यूट्रल तुटली तर कूलरचा पत्रा, फ्रीजचे दार सगळे एकदम जिवंत होते. काही जण तार नळाला बांधतात. तसे केले तर आपल्या घरातला दोष शेजारच्या मोरीत आंघोळ करणाऱ्याला लागतो.

मेनजवळ आरसीसीबी नावाचा एक स्विच बसवता येतो. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा घ्यायचा. जाणारी आणि परत येणारी वीज तो तोलत राहतो. ३० मिलीअँपिअरची तूट आली, म्हणजे वीज कुठेतरी भलत्या वाटेने जात आहे असे दिसले, की तो क्षणात पडतो. ३० मिलीअँपिअर म्हणजे किती? जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब २६० मिलीअँपिअर घ्यायचा. त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाइतकी वीज छातीतून गेली तरी माणूस दगावू शकतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीला ती जाणवतही नाही. एमसीबी वायरीची राखण करतो, माणसाची राखण आरसीसीबी करतो. त्यावर 'टी' लिहिलेले बटण असते, महिन्यातून एकदा दाबून पाहावे, पडला पाहिजे. आणि बाजारात 'स्पाईक गार्ड' लिहिलेला बोर्ड मिळतो तो यातला नव्हे. तो विजेच्या अचानक उसळीपासून टीव्हीला थोडाफार वाचवतो, तुम्हाला नाही.

कूलरमध्ये पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही. दोन पिनांचा टॉप उलटा बसला असेल किंवा वायरिंगमध्ये तारा उलट जोडल्या असतील तर बटण न्यूट्रल तोडते आणि फेज कूलरमध्ये तशीच राहते. टॉप भिंतीतून बाहेर काढायचा, मगच पाण्याला आणि पत्र्याला हात लावायचा. बोर्ड फरशीवर ठेवायचा नाही, भिंतीला खिळ्यावर टांगायचा, टाकी सांडली तरी पाणी पोहोचणार नाही इतका उंच. पहाटे नळ आला की टुल्लू पंप बोर्डावर लावून मोरीत नेणे आणि पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडून 'तापले का' म्हणून बोट बुडवणे, या दोन सवयींनाही हाच नियम. नळाला थेट पंप लावू देतात की नाही तो विषय वेगळा, पण ओल्या हाताने बोर्डाला शिवू नये.

नवा बोर्ड घेताना दुकानदाराने दाखवलेल्या रंगावर जाऊ नये. तीन तारांची वायर मागावी. आयएसआयचा शिक्का पाहावा. प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३ आणि पीव्हीसी वायरीसाठी आयएस ६९४ हा आकडा असतो आणि शिक्क्याखाली 'सीएम/एल' पासून सुरू होणारा परवाना क्रमांक. मुलांच्या मोबाईलवर 'बीआयएस केअर' हे ॲप घेऊन तो क्रमांक खरा की खोटा ते बघता येते. टॉप घातला तर घट्ट बसला पाहिजे, ओढल्याशिवाय निघता कामा नये. वापरायला लागल्यावर अर्ध्या तासाने कोरड्या हाताने भिंतीतल्या टॉपला हात लावून पाहा. गरम लागला, तपकिरी दिसला, चरचर ऐकू आली, मासळीसारखा वास आला, यातले एक जरी झाले तरी मेन बंद करून वायरमनला बोलवा. टॉप दाबून बसवत राहू नका. मी चार वर्षे तेच केले.

कोणाला शॉक लागून तो चिकटलाच तर त्याला हाताने ओढू नका, ओढणाराही चिकटतो. मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने, प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला वायरीपासून दूर लोटा. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल तर ती येईपर्यंत छातीच्या मध्यभागी जोराने, भरभर दाबत राहा. बोर्डाला आग लागली तर वीज चालू असताना पाणी मारू नका. आधी मेन, मग कोरडी माती किंवा वाळू, आणि १०१ ला फोन.

आमच्या घराचे काय केले तेही सांगतो, कारण लोक म्हणतात, भाऊ, हे सगळे खर्चाचे काम आहे. वायरमन काकांनी मेनपासून फ्रीजजवळ अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने मोठ्या पिनेचा एक पॉइंट काढून दिला, कूलरसाठी खिडकीजवळ एक वेगळा पॉइंट दिला, अर्थिंग तपासून दिले आणि आरसीसीबी बसवला. सामान आणि मजुरी मिळून ४,३०० रुपये. माझ्या वहीत हा आकडा लग्नाच्या खर्चाखालीच लिहिलेला आहे, बँडच्या रकमेच्या खालच्या ओळीत. बँडचे जास्त झाले होते. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाकडे दोन पॉइंटची आणि अर्थिंगची मागणी लेखी करा, एक प्रत आपल्याकडे ठेवा. तोंडी सांगितलेले घरमालक विसरतात. अर्ज लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलाकडून लिहून घ्या.

आई अजून रोज झोपण्यापूर्वी दिवाणामागे वाकून बघते. नवा पॉइंट झाला, आता काही होत नाही, असे मी सांगून पाहिले. "तुह्या म्हणण्यानं काय होते," म्हणते.

यंदा कूलर काढायचे दिवस आले. परवा भाचीचा सासरहून फोन आला. "मामा, इकडच्या कूलरले दोनच तारा आहेत. सासूबाई म्हणतात, दहा वर्षं झाली, काही नाही झालं." मी तिला टॉप काढून ठेवायला सांगितले आहे. रविवारी वायरमन काकांना घेऊन तिकडे जाणार आहे.